कला सापडते ती कुठे? फाउंडेशनच्या एका विद्यार्थ्याच्या मनोगताला उत्तर

तुमचे मनोगत लक्षपूर्वक वाचले. फाउंडेशनच्या, म्हणजे कलामहाविद्यालयातल्या पायाभरणीच्या वर्षाच्या, अखेरीच्या सबमिशनबरोबर ‘मला कला कशी सापडली आणि मी चित्र कसे करतो’ या विषयावर प्रत्येकाने काही पाने लिहून द्यायची आहेत आणि हा त्याचा कच्चा मसुदा आहे, असे तुम्ही कळवले आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तुम्ही चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झालात. पुढे बारावीपर्यंत विज्ञान शाखा घेतल्यामुळे चित्रकला मागे पडली. मग मोबाइलमधल्या छायाचित्रांवरून पेन्सिलीने चेहरे काढण्याचा छंद लागला, ते हुबेहूब जमू लागले, घरीदारी कौतुक झाले आणि त्या बळावर तुम्ही कराड सोडून कलामहाविद्यालयात आलात. इथे मात्र तीच चित्रे पाहून सरांनी ‘हात चांगला आहे, पण यात तुम्ही स्वतः पाहिलेले काय आहे?’ असे विचारले आणि तो प्रश्न अजून तुमची पाठ सोडत नाही. मनोगतात नेमके काय लिहावे, छायाचित्रांवरून केलेले काम बाजूला टाकावे का आणि स्वतःची शैली कशी सापडते, हे तुम्हाला माझ्याकडून हवे आहे. उशिरा सुरुवात झाल्याची खंतही तुम्ही व्यक्त केली आहे आणि शेवटी साहित्याविषयी एक शंका विचारली आहे.

स्थिरचित्र आणि जलरंग हे विषय मी बरीच वर्षे शिकवत आले आहे आणि अशी मनोगते दर वर्षी वाचते. त्यामुळे आधी तुमच्या मसुद्याविषयी स्पष्टपणे सांगते. पहिल्या दोन पानांवर ‘कला ही आत्म्याची अभिव्यक्ती आहे’, ‘रंग माझ्याशी बोलतात’, ‘चित्र काढताना मी स्वतःला विसरतो’ अशी वाक्ये आहेत. त्यांत खोटे काही नाही. पण ती वाक्ये तुमच्या वर्गातल्या कोणाच्याही कागदावर तशीच्या तशी ठेवता येतील आणि ज्याने आयुष्यात पेन्सिल हाती धरलेली नाही, असा मनुष्यही ती लिहू शकेल. तुमच्या मसुद्यातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य तिसऱ्या पानावर, जवळजवळ तक्रारीच्या सुरात आले आहे. पितळी तांब्याचे चित्र करताना तळ कितीदा तरी पुसला, तरी तांब्या टेबलावर ‘बसेना’, आणि सगळा वर्ग उठून गेल्यावर टेबलाच्या कडेकडे लक्ष गेले तेव्हा एकदम काहीतरी उमगले, पण ते काय हे सांगता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे आणि लगेच पुढच्या परिच्छेदात पुन्हा आत्म्याकडे वळला आहात. माझ्या मते तुमचे खरे मनोगत त्या वाक्यापासून सुरू होते. कला तुम्हाला कुठे सापडली याचे उत्तर तिथे आहे. बालपणीच्या रांगोळ्यांत नाही आणि परीक्षेच्या श्रेणीतही नाही.

त्या दिवशी काय घडले असावे, ते मांडून पाहते. तांब्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली, स्टूलवर किंवा टेबलावर ठेवलेला असतो. त्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण बसल्या जागेवरून ते लंबवर्तुळ दिसते, आणि इंटरमिजिएटची तयारी केलेल्या मुलाला ते बऱ्यापैकी काढताही येते. चूक होते ती तळाशी. तांब्या सपाट टेबलावर ठेवला आहे हे माहीत असल्यामुळे हात तळाची रेषा आडवी, सरळ मारतो. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीपासून आपण जितके खाली येऊ तितकी लंबवर्तुळे अधिक उघडत जातात. म्हणजे तळाची कमान तोंडाच्या कमानीपेक्षा अधिक गोलाईची असायला हवी. सरळ तळ काढला की वरचा भाग आपण वरून पाहिलेला आणि खालचा भाग जणू टेबलाच्या पातळीवर डोळे नेऊन पाहिलेला, असे दोन वेगवेगळ्या जागांवरून केलेले चित्र एकाच कागदावर येते. तांब्या म्हणूनच बसत नाही. तुमचे लक्ष टेबलाच्या कडेकडे गेले तेव्हा टेबलाचा पृष्ठभाग आपल्याला दिसतो आहे, म्हणजे आपण वरून पाहत आहोत, हे डोळ्यांनी ओळखले आणि माहिती मागे पडून पाहणे पुढे आले. वर्गात आम्ही हे नियम म्हणून सांगतोच, फळ्यावर आकृतीही काढतो. पण नियम ऐकणे वेगळे आणि आपल्या हातची सरळ रेषा पुसून तिची कमान होताना पाहणे वेगळे. हा बदल माणसाच्या नजरेत एकदाच घडतो आणि तो घडल्यावर वाटी, बादली, विहिरीचा काठ, झाडाच्या बुंध्यावरची वळी, सगळे नव्याने दिसू लागते. मनोगतात हे असेच, घडले त्या क्रमाने लिहा. ‘उमगले’ एवढ्यावर थांबू नका.

त्याच तांब्यात आणखी एक धडा दडलेला आहे आणि तो तुमच्या छायाचित्रांच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. तुम्ही पाठवलेल्या चेहऱ्यांच्या चित्रांत कागदी स्टंपने, म्हणजे घोटायच्या कांडीने, केलेली छटा फार सफाईची आहे. उजेडातून अंधारात जाणारा टोन, म्हणजे छटेचा उजळ-गडदपणा, कुठेही तुटत नाही. हीच सवय तुम्ही पितळेला लावलीत आणि तांब्या मातीचा किंवा रबराचा दिसू लागला. घासलेल्या पितळेवर छटा हळूहळू उतरत नाही. सर्वांत तेजस्वी ठिपक्याला खेटून सर्वांत काळा पट्टा असतो आणि दोघांमधली कड सुरीने कापल्यासारखी असते, कारण तो धातू स्वतःची छाया कमी आणि आजूबाजूच्या वस्तूंचे प्रतिबिंबच अधिक दाखवत असतो. खिडकी, तुमचा पांढरा शर्ट, खाली अंथरलेली लाल ड्रेपरी (कापड), सगळे त्याच्या पोटावर वाकून उमटलेले असते. ते दिसण्यासाठी स्टंप खाली ठेवावा लागतो आणि कुठला गडद आकार कुठल्या उजळ आकाराला भिडतो, एवढेच पाहत बसावे लागते. जलरंगात तर हे अधिक कठोर आहे, कारण पांढरा ठिपका म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद. तो एकदा रंगाखाली गेला की परत मिळत नाही.

आता छायाचित्रांविषयी. ते काम टाकून देऊ नका आणि त्याची लाजही बाळगू नका. चौकोन आखून तासन्‌तास एका चेहऱ्यावर काम केल्यामुळे तुम्हाला प्रमाणबद्धता, टोनच्या पायऱ्या आणि मुख्य म्हणजे एका कागदाशी दीर्घकाळ टिकून राहण्याची सवय मिळाली आहे. ही सवय फाउंडेशनच्या वर्गात फार थोड्या मुलांकडे असते. छायाचित्राचा आधार घेणे हा काही गुन्हाही नाही. राजा रविवर्म्यांनी आपल्या कामात छायाचित्रांची मदत घेतलेली आहे. मात्र ज्याने जिवंत माणसे समोर बसवून भरपूर काम केलेले असते, तो छायाचित्रातून हवे तेवढे उचलतो आणि उरलेले सोडतो. ज्याने ते केलेले नसते, तो छायाचित्र देईल ते सगळे घेतो. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, तो एका क्षणी एका जागेवरून पाहतो आणि काय ठेवायचे, काय गाळायचे, पाठीमागचा अंधार किती गडद करायचा, हे सगळे निर्णय तुम्ही पेन्सिल उचलण्याआधीच झालेले असतात. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मी असा लावते: या चित्रात हाताने पुष्कळ काम केले आहे, पण निर्णय फार थोडे घेतले आहेत.

त्यावर उपाय कठीण नाही, फक्त सुरुवातीला तो मनाला लागतो. ज्या आजीचा चेहरा तुम्ही छायाचित्रावरून केला आहे, त्याच आजीला सुट्टीत घरी गेल्यावर भाजी निवडताना काढा. ती हलेल, मध्येच उठेल, पदर सावरेल, तुमच्याशी बोलू लागेल. हातात फार तर वीस मिनिटे असतील आणि चेहरा हुबेहूब येणार नाही. पण खांद्याचा बाक, गुडघ्यावर टेकलेले कोपर आणि मेथीच्या जुडीकडे झुकलेली मान यांतले आधी काय टिपायचे, हे तुम्हाला ठरवावेच लागेल. अशी दहा-बारा स्केचेस झाल्यावर त्यांतले सर्वांत ‘वाईट’ चित्र पुढे ठेवून पाहा. बहुतेक वेळा आजीचे बसणे त्यातच नेमके उतरलेले असते. ही स्केचेस आणि ते घोटलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून दोहोंत काय आले आणि काय निसटले, हे मनोगताच्या एका पानावर लिहिलेत तर परीक्षकाला तुमच्याविषयी जेवढे कळेल, तेवढे कलेच्या व्याख्यांनी भरलेल्या चार पानांतूनही कळणार नाही.

तुमच्या मसुद्यात ‘नक्कल’ या गोष्टीविषयी बराच संकोच दिसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दुसऱ्याचे चित्र पाहून चित्र करणे कमीपणाचे आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. आपल्याकडच्या कलाशिक्षणाचा एक फार मोठा अध्याय नकलेनेच लिहिलेला आहे. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला सुरुवात केली. हिवाळ्यात लेण्यांजवळ मुक्काम ठोकायचा आणि अपुऱ्या उजेडात, पडझड झालेल्या गिलाव्यावरची रेषा अन् रेषा शोधून ती उतरवायची, असे हे काम १८८५ पर्यंत चालले. पुढे व्यक्तिचित्रणासाठी नावाजलेले पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्यांतल्या बऱ्याच प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे ठेवलेल्या असताना १८८५ च्या आगीत जळून गेल्या, याची हळहळ आजही वाटते. पण त्या मुलांच्या नजरेत जे शिरले ते काही जळणार नव्हते. पाश्चात्त्य पद्धतीचे शेडिंग शिकलेल्या त्या विद्यार्थ्यांपुढे पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी उभा राहिला, तेव्हा गडद छायेचा आधार जवळजवळ न घेता, जाड-बारीक होत जाणाऱ्या एका रेषेने खांद्याची गोलाई कशी उभी राहते, हे त्यांना हाताने शोधावे लागले असणार. नुसते पाहून ‘सुंदर आहे’ म्हणणाऱ्याला ही रेषा कळत नाही. ती स्वतः ओढून पाहिल्यावर, आणि ती आपल्याकडून सारखी जाड किंवा सारखी बारीक येते हे दिसल्यावर कळते.

तुम्हीही एवढेच करा: अजिंठ्याच्या चित्रांतला एकच हात निवडा. कमळाचा देठ धरलेली बोटे घ्या किंवा नुसती टेकलेली तळहाताची कड घ्या, पण चेहरा किंवा अख्खी आकृती घेऊ नका. चांगल्या छापील प्रतिमेवरून तो हात पेन्सिलीने न काढता ब्रशने आणि गेरूसारख्या तांबड्या रंगाने काढा, म्हणजे खोडण्याची सोय राहणार नाही. मग आपलाच डावा हात तसाच समोर धरून त्याच ब्रशने काढा. जुन्या चित्रकाराने बोटांचे सांधे गाळले आहेत, नखांना फारसे महत्त्व दिलेले नाही, पण मनगटातून बोटात जाणारी वळणाची ओढ कुठेही सोडलेली नाही, असे काही ना काही तुमच्या लक्षात येईल. जे लक्षात येईल ते त्याच कागदाच्या समासात लिहून ठेवा.

छापील प्रतिमेवरून पाहण्याला मर्यादा असते, म्हणून मूळ चित्रे पाहायला जा असे मी सर्व विद्यार्थ्यांना सांगते आणि तुमच्या बाबतीत तर ते सहज शक्य आहे. औंधचे श्री भवानी संग्रहालय तुमच्याच सातारा जिल्ह्यात आहे. चित्रकलेचे जाणकार आणि स्वतः चित्रे काढणारे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारले. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे तिथे आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे एक दगडी शिल्पही तिथे आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. आमचे विद्यार्थी सहलीला गेले की दालनांतून भराभर फिरून येतात आणि बाहेर छायाचित्रे काढतात. तसे करू नका. एका वेळी एकच चित्र निवडा आणि त्यापुढे अर्धा तास उभे राहा. साडीची जरी दुरून लखलखते. जवळ जाऊन ती कुठे रेषेने, कुठे ठिपक्यांनी आणि कुठे नुसत्या फटकाऱ्याने दाखवली आहे ते पाहा. चेहऱ्याजवळच्या कडा कुठे धारदार ठेवल्या आहेत आणि कुठे पार्श्वभूमीत विरघळू दिल्या आहेत ते पाहा. कॅलेंडरवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ज्या चित्रातली प्रत्येक कड तुम्हाला सारखीच स्पष्ट वाटली होती, तिथे प्रत्यक्षात किती ठिकाणी चित्रकाराने मुद्दाम हात आखडता घेतला आहे, हे दिसले की छायाचित्रांवरून केलेल्या तुमच्या चेहऱ्यांत काय करायचे राहिले, ते मी वेगळे सांगण्याची गरज उरणार नाही.

शैलीचा प्रश्न तुम्ही उशिरा विचारलात, पण मनोगतभर त्याचीच धास्ती जाणवते. वर्गातल्या एका मैत्रिणीचे काम दुरूनही ओळखू येते आणि तुमचे येत नाही, असे तुम्ही म्हणता. अठराव्या-विसाव्या वर्षी ओळखू येणारे काम बहुधा एखाद्या सवयीमुळे ओळखू येते: ठरावीक रंगसंगती, ठरावीक प्रकारचे डोळे, कडेने मारलेली काळी रेषा. तिला मी शैली म्हणणार नाही आणि त्या मैत्रिणीनेही तिथेच थांबू नये असे मला मनापासून वाटते. ज्यांची चित्रे आज आपण एका नजरेत ओळखतो, त्यांच्या सुरुवातीकडे वळून पाहा. वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये जे. जे.मधून बाहेर पडले. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत भारतीय लघुचित्रांची रेषा आणि सपाट रंग आहेत, मग पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव दिसतो, आणि रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवून व काढून केलेले, आकार मागे पडून केवळ उजेड उरलेले ते कॅनव्हास नंतर हळूहळू आले. ते वर्षाला मोजकीच चित्रे करत. सय्यद हैदर रझा चाळीसच्या दशकात मुंबईच्या रस्त्यांची आणि काश्मीरची जलरंगातली निसर्गचित्रे करत होते. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, आणि ज्या बिंदूमुळे आज सर्वसामान्य माणूसही त्यांना ओळखतो, तो त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी यायला त्यानंतर जवळपास तीन दशके जावी लागली. या दोघांपैकी कोणीही विद्यार्थिदशेत शैली शोधत बसला असता, तर हाती आलेल्या पहिल्याच सोयीस्कर युक्तीवर थांबला असता.

प्रभाकर बरवे यांचे उदाहरण तर तुमच्या मनोगताच्याच कामाचे आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडी अधिक थांबते. जे. जे.मधले शिक्षण संपल्यावर साठच्या दशकात ते वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात नोकरीला होते आणि त्यानिमित्ताने काही वर्षे वाराणसीत राहिले. तिथला तंत्रमार्गातल्या प्रतिमांचा परिचय त्यांच्या त्या काळातल्या चित्रांत उमटला. पुढे घड्याळ, पान, शिंपला, किल्ली अशा साध्या वस्तू मोठ्या मोकळ्या अवकाशात ठेवलेली त्यांची चित्रे आली आणि त्यांतली बरीचशी एनॅमलमध्ये, म्हणजे आपण दारे-खिडक्यांना लावतो त्या जातीच्या रंगात केलेली आहेत. हा रंग ओघळतो, आपोआप सपाट होतो आणि ब्रशचा माग ठेवत नाही; त्यामुळे चित्रातली वस्तू कोणी रंगवलेली न वाटता तिथे येऊन ठेपलेली वाटते. म्हणजे जिला आपण त्यांची शैली म्हणतो, तिचा एक मोठा भाग साहित्याच्या स्वभावातून आणि त्या स्वभावाशी त्यांनी केलेल्या तडजोडींतून आलेला आहे. आणि हे सगळे चालू असताना ते वर्षानुवर्षे डायरी लिहीत होते. तीत छोटी स्केचेस, चित्राचे आराखडे आणि पाहिलेल्या गोष्टींविषयीच्या मराठी व इंग्रजी नोंदी आहेत. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा चित्रांबरोबर डायऱ्यांची ही पानेही मांडली होती. आपल्या चित्रामागची विचारप्रक्रिया मराठीत नेमकेपणाने लिहिता येते, याचा एवढा मोठा पुरावा घरातच असताना आपली मुले मनोगतासाठी इंटरनेटवरची सुविचारवजा वाक्ये का उचलतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

तेव्हा मनोगत एका बैठकीत लिहायला घेऊ नका. आधी नोंदी करा. रोजच्या स्केचबुकातच, चित्राच्या बाजूला, काम संपल्यावर लगेच लिहा, कारण रात्री खोलीवर जाऊन लिहिताना घडलेले राहून जाते आणि वाटलेलेच उतरते. नोंद साधारण अशी असावी: ‘पितळी तांब्या, डावीकडून खिडकीचा उजेड, खाली लाल ड्रेपरी. तोंडाचे लंबवर्तुळ जमले. पोटावरचा लाल रंग तांब्याचा समजून पिवळ्यात मिसळला, त्यामुळे पितळ तांबे या धातूसारखे दिसू लागले. तो कापडाचा रंग होता. उजवी कड पार्श्वभूमीपेक्षा उजळ आहे हे उशिरा दिसले. उद्या पार्श्वभूमी आधी.’ यात एकही विशेषण नाही आणि कलेविषयी एकही मत नाही, पण पाहणारा डोळा आणि त्याने घेतलेला निर्णय दोन्ही आहेत. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की त्यांतून तुम्हाला स्वतःविषयी काही तरी आपोआप दिसू लागेल. कदाचित असे लक्षात येईल की तुमचे बहुतेक झगडे कडांशी आहेत, किंवा रंगापेक्षा टोनमध्येच तुमचे मन रमते, किंवा माणसे काढताना तुम्ही नेहमी हात टाळता. तेवढे दिसले की मनोगताचा शेवटचा भाग तयार झाला. घरचा विरोध, परीक्षेतल्या श्रेणी, लहानपणच्या रांगोळ्या हे सारे एका परिच्छेदात आटोपते घ्या. तो भाग वाचकाला तुमची ओळख करून देण्यापुरता आहे.

उशिरा सुरुवात झाल्याची खंत तुम्ही दोनदा व्यक्त केली आहे. तिला फार जागा देण्याचे कारण नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरहून येऊन १८९० मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ते पुढे त्याच संस्थेत शिक्षक झाले, एका टप्प्यावर तिचे प्रमुख झाले आणि त्या एक्केचाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत लिहून ठेवल्या. मुंबईच्या रस्त्यावर वावरणाऱ्या नाना तऱ्हेच्या माणसांची त्यांची चित्रे पोस्टकार्डांवरून घरोघर पोचली. विज्ञान शाखेत गेलेली तुमची दोन वर्षेही वाया गेलेली नाहीत. प्रकाशाचे परावर्तन शिकलेल्या मुलाला पितळेचा तांब्या खरे तर आमच्यापेक्षा लवकर कळायला हवा.

निसर्गचित्राविषयी तुमच्या मसुद्यात एकच ओळ आहे: ‘लँडस्केप मला जमत नाही.’ कराडचा प्रीतिसंगम ज्याच्या घराजवळ आहे, त्याने असे लिहावे हे मला पटत नाही. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, पावसाळ्यात पाण्याचा रंग दर आठवड्याला बदलतो आणि नदीच्या वाळवंटावर उभे राहिले की क्षितिजरेषा मोकळी मिळते. जलरंगाचा सराव करायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. पावसाळी राखाडी आकाशासाठी काळा रंग वापरू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र करा. त्यांच्या प्रमाणानुसार राखाडी थंड किंवा उबदार होते आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून पावसाळी हवेसारखा खरबरीतपणा आपोआप देतात. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा सपाट हात, डोळ्यांना थोडा गडद वाटेल असाच टाका. जुलैत कागद वाळता वाळत नाही आणि पहिल्या वॉशवर दुसरा टाकण्याची घाई केली की कोबीच्या पानासारखे डाग उठतात. एप्रिलच्या दुपारी उलट होते, ब्रश कागदाच्या दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पहिली कड वाळून रेघ पडलेली असते. त्यामुळे नोंदीत वेळ आणि हवा लिहायला विसरू नका. एकाच जागेची आषाढातली आणि चैत्रातली अशी दोन चित्रे नोंदींसह जोडलीत, तर ‘मी चित्र कसे करतो’ या प्रश्नाचे उत्तर त्यांत मिळेल.

राहिली साहित्याची शंका. परदेशी, महागडे रंग नसल्यामुळे चित्र मागे पडते का, असे तुम्ही विचारले आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या रंगांत रंगद्रव्य कमी आणि भर अधिक असते, त्यामुळे त्यांचा तजेला कमी पडतो, हे खरे आहे. पण फाउंडेशनच्या वर्षात त्याने फारसे बिघडत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर कागदावर करा. पातळ कार्ट्रिज कागदावर वॉश टाकला की तो फुगतो, पाणी खड्ड्यांत साचते आणि मुले स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. तीनशे जीएसएमचा (म्हणजे जाड), बावीस बाय तीस इंचांचा एक पूर्ण ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करा, म्हणजे एका तुकड्याची किंमत अंगावर येत नाही आणि ‘कागद वाया जाईल’ या भीतीने हात आखडत नाही. पुण्यातल्या हातकागद संस्थेचे कागद एकदा वापरून पाहा. मात्र हातकागद पाणी किती शोषतो हे कोपऱ्यावर तपासून मगच चित्राला हात घाला. स्केचिंगसाठी न्यूजप्रिंट पुरेसा आहे, पण तो लवकर पिवळा पडतो, म्हणून सबमिशनला जोडायची स्केचेस चांगल्या कागदावरच करा. तांब्याची ती पुसापुशी केलेली चित्रेही फाडू नका. पेन्सिल फिसकटू नये म्हणून फिक्सेटिव्हचा फवारा मारा, मध्ये बटर पेपर घाला, मागे तारीख लिहा आणि मनोगताच्या तिसऱ्या पानाला ती क्रमाने जोडा.